फलकावरची बाई

प्रिय ताई,

पत्र बघून हसशील. फोन असताना ही बया लिहीत काय बसली, म्हणशील. पण फोनवर माझा आवाज कापतो आणि तुला ते लगेच कळतं. शिवाय हल्ली फोन हातात घेतला की कुणी ऐकत असेल असं वाटतं. म्हणून दुपारी गिऱ्हाईक नसताना दुकानात, इस्त्रीच्या टेबलावरच लिहायला बसलेय. अक्षराला नावं ठेवू नकोस.

मागच्या निवडणुकीतला माझा फोटो तुला आठवतोच. हातात इस्त्री, बत्तीशी बाहेर, आणि वर ठळक अक्षरांत ‘माझं वीजबिल निम्मं होणार!’ साहेबांची माणसं आली, टेबलावरचे कपडे बाजूला केले, मला हसायला लावलं आणि गेली. एक छदाम घेतला नाही गं मी. मला खरंच वाटलं होतं, होईल निम्मं. चौकाचौकात माझा चेहरा लागला. तू चिडवलंस, आता काय बाई नटीच झालीस, आणि आठवडाभर माझे पाय जमिनीवर नव्हते. साहेब निवडून आले. बिल मात्र वाढतच गेलं, आता तर अर्धी कमाई इस्त्रीच खाते. गिऱ्हाईकं कपडे टाकता टाकता विचारायची, काय हो फलकावरच्या बाई, झालं का निम्मं? मीही म्हणायची, अर्धं तुम्ही भरा की, मग होईल माझं निम्मं. सगळे हसण्यावारी न्यायचे.

ते हसणं शेजारच्या शिवणवालीनं बंद केलं. बिल थकलं म्हणून तिचं मीटर काढून नेलं. तिचं मशीन विजेवरचं. आता ती खिडकीच्या उजेडात बसून हातानं काजं करते, त्यात काय घर चालणार? परवा चार कपड्यांना इस्त्री करून घ्यायला आली. भांडली नाही, काही नाही. जाता जाता एवढंच म्हणाली की साहेबांना मी कुठं ओळखत होते, तुझ्या तोंडाकडे बघून मत दिलं. ताई, त्यापेक्षा तिनं शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

आता पुन्हा निवडणूक आलीय. साहेबांचा एक चष्मेवाला माणूस दुकानात आला. रविवारच्या सभेत मी व्यासपीठावर जायचं, बिल निम्मं झालं, साहेबांचे आभार, एवढं बोलून खाली उतरायचं. मी म्हटलं, अहो दादा, झालं कुठं, उलट वाढलंय. तो रागावला नाही. घडी केलेल्या कपड्यांवरून हात फिरवत त्यानं विचारलं, मुलगी कितवीत आहे? मी तोंड उघडायच्या आत त्यानंच वर्ग सांगितला, शाळा सांगितली, ती कुठल्या फाटकातून बाहेर पडते तेही सांगितलं. गुणी पोर आहे, जपा, म्हणाला. इस्त्री होती तिथंच राहिली आणि कुणाचा तरी पांढरा शर्ट जळला.

तेव्हापासून समोरच्या फुटपाथला एक मोटारसायकलवाला असतो. काही करत नाही मेला, नुसता बसून बघतो. आत्ताही आहे. दाराची कडी वाजली तरी मी दचकते. हे म्हणतात, दोन वाक्यं बोल आणि ये घरी, आपल्याला काय करायचंय नसत्या भानगडीत पडून. ह्यांचंही चुकत नाही, नोकरी साहेबांच्याच गोदामात. मी ती दोन वाक्यं म्हणून बघते. साहेबांचे आभार नीट जमतात. ‘निम्मं’ म्हणायला गेलं की तोंडून ‘वाढलं’च निघतं.

तेव्हा ठरवलंय. माईक हातात आला की खरं ते सांगणार. लोकांना म्हणणार, मला हवं तर शिव्या द्या, पण जाब साहेबांना विचारा, ते इथंच बसलेत. मोठी शूर झालीय असं समजू नकोस. पाल दिसली की तुझ्या पांघरुणात शिरणारी तीच मी. भीतीनं रात्रंदिवस जीव टांगणीला लागलाय. ह्यांना यातलं काही सांगितलेलं नाही.

हे पत्र तुला लेकीच्या हातून, बंद पाकिटात मिळेल. उद्या सकाळी शाळेच्या कपड्यांतच तिला तुझ्याकडच्या बसमध्ये बसवून देणार आहे. मावशी आजारी आहे, चार दिवस मदतीला जा, असं तिला सांगेन, ह्यांनाही नंतर तेच. म्हणून हे वाचून झालं की तिच्यासमोर धडधाकट वावरू नकोस, जरा कण्ह. उघडलेलं पत्र तिच्या हाती लागू देऊ नकोस आणि रविवारी टीव्ही लावू नकोस. संध्याकाळी माझा फोन आला, तरी तिला परत धाडायची घाई नको. आणि नाहीच आला, तर इकडून कुणीही बोलावलं, अगदी ह्यांनी बोलावलं तरी, पाठवू नकोस. तिकडच्याच शाळेत घाल. पोर गुणाची आहे, त्रास देणार नाही. फक्त झोपताना तिला दिवा लागतो. बिल येईल गं, पण तेवढा राहू दे.

तुझीच,
बारकी