सासुरवाडीच्या माश्या

८ जानेवारी १९५६, अंधेरी
बाजारातल्या हलवायांपुढे काचेच्या पेटीचा प्रयोग. पेटीत माश्या सोडायच्या, कंपनीचं डीडीटी फवारायचं, माश्या पडल्या की ऑर्डर घ्यायची. हीच माझी नोकरी. आज पडल्याच नाहीत. जरा गरगरल्या, मग काचेवर बसून पाय चोळू लागल्या. एक हलवाई म्हणाला, "साहेब, औषध आहे की गुलाबपाणी?" सगळे हसले. मीही.

११ जाने.
डोस वाढवला. तेच. आमचे केमिस्ट नाडकर्णी म्हणाले, "माशी काही शिकत नाही रे. ज्या औषधाला पुरून उरतात त्याच अंडी घालतात. अंधेरीत आता त्यांचीच लेकरं."
घरामागच्या तबेल्यातल्याही त्याच असणार. गेल्या वैशाखात आमची बेबी हगवणीनं गेली, तेव्हा घराच्या भिंती पांढऱ्याफटक होत्या. मीच फवारलेल्या. रडू येत नाही. जेवलो, झोपलो.

२ फेब्रु.
कुसुमला सातवा लागला. माहेरी जायला तयार नाही. म्हणे, "गावात औषध नाही, नुसत्या माश्या. इथे तुम्ही आहात ना फवारायला." किती दिवस टाळत होतो, आज सांगून टाकलं. इथलं औषध चालत नाही आता. ती भिंतीकडे बघत राहिली. "मग बेबीच्या वेळी?"


१९ फेब्रु., मालवणजवळ
बोटीनं कुसुमला पोचवलं. इथे फवारणी कधी झालेली नाही, म्हणून नाडकर्णींनी इथल्या माश्या आणायला सांगितल्यात. बरणी घेऊन गोठ्यात हिंडलो. सासूबाई दारातून, "जावयबापू काय पकडतत?" कुसुम म्हणाली, "बायकोला ठेवून माश्या नेतायत!" आणि हसली. बेबीनंतर पहिल्यांदा. मला बरं वाटलं, खरंच.

२४ फेब्रु.
सासुरवाडीच्या माश्या पहिल्याच फवाऱ्यात पडल्या. साहेब खूश. "झकास! पुढचे सगळे प्रयोग ह्यांच्यावरच. हलवायांना कुठे कळतंय!" नाडकर्णी खाली बघत बसले. मी पेटी पुसली. कुसुम योग्य जागी आहे, एवढंच डोक्यात.

२८ एप्रिल
तार. मुलगा. दोघं सुखरूप. हापिसात पेढे वाटले, गुलाबपाणीवाल्याकडचेच. त्यानं माश्या हाकलत मोजून दिले. मला आनंद झाला असावा.

२० मे
मेहुणा दत्तू आलाय, फणस घेऊन. बाळाचं नाक माझ्यावर गेलंय म्हणतो. मग म्हणाला, "भावोजी, गावात फवारणीवाले इल्ले होते. आता माशी म्हणून दिसणा नाय! अक्कान सांगल्यान हा, तुमच्याकडचे दोन डबे घेवन ये. बाळाच्या खोलयेत रोज मारूक."
त्याला अंधेरीचं सगळं सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं. "पण आता मरतत ना?"
मरतात. इथेही दोन उन्हाळे छान मरत होत्या. बेबीचा पहिला उन्हाळा त्यातच निभावला. तिच्या दुसऱ्या उन्हाळ्यात माश्या मरेनाशा झाल्या, ती गेली. हे बाळ अजून महिन्याचंही नाही. डबे नाही दिले तर आज भीती, दिले तर दोन उन्हाळ्यांनी तिथेही अंधेरीच...

२१ मे
उद्या हंगामातली शेवटची बोट. मग पावसाळाभर जाणंयेणं बंद. डबे कपाटातून काढले. परत ठेवले. परत काढले. कुसुमनं मागितलेत. एकदा सगळं कळल्यावरही मागितलेत.
दत्तू सामान बांधतोय. विचारतो, "डबे पिशयेत भरू काय?"
थांब म्हटलं. जरा थांब.