अण्णांचा तारेचा ब्रश

प्रिय अण्णा,

साष्टांग नमस्कार. पत्र आणणाऱ्या बसवंतराव ड्रायव्हरांना आधी चहा द्या. पत्र वाचून होईपर्यंत त्यांना जाऊ देऊ नका. वाचून दाखवताना सृष्टीला म्हणावं सावकाश वाच, ती मधले शब्द गाळते. फोनवर तुम्ही "जेवलास का? बरं, ठेव" म्हणता आणि मी ठेवतो, म्हणून लिहायला बसलो.

इथे कंपनीत माझं ठीक आहे. आग विझवणारी मोठी बोट गेल्या महिन्यात समुद्रात उतरली. तिचं पाणी दोन मजले उंच उडालं, तेव्हा मला आपलं फाट्यावरचं वेल्डिंगचं दुकान आठवलं. ट्रॉली जोडताना ठिणगी कडब्यात गेली की तुम्ही ओरडायचात, "भागवत्या, बादली!" मी एकटाच हसत होतो.

त्यानंतर गस्तीची बोट बांधायला घेतली. ती आपल्या येलदरीच्या धरणासाठी आहे हे कळल्यापासून मी एकेक सांधा दोनदा तपासत होतो. तरी चूक माझ्याच हातून झाली. अ‍ॅल्युमिनियम घासायचा ब्रश आमच्याकडे वेगळा असतो, निळ्या पट्टीचा. लोखंडावर फिरलेला ब्रश त्याला चालत नाही. लोखंडाचा कण आत राहिला की पुढे पाण्यात तिथूनच पत्र्याला भोकं पडतात. एका दुपारी माझा ब्रश सापडेना. घरून निघताना तुम्ही पिशवीत घातलेला, आपल्या दुकानातला तारेचा ब्रश होता. हाताला त्याचीच सवय. चार हात मारले आणि जोडून टाकलं. सांधा इतका सुबक आला की आमचे सुपरवायझर राजेश्वर साहेब पाठ थोपटून गेले. दोन दिवस मी त्या सांध्याकडे न बघता पलीकडून जात होतो.

तिसऱ्या दिवशी मी होऊन सांगितलं. साहेब लय चिडले. "ट्रॉलीवाला तो ट्रॉलीवालाच," सगळ्यांसमोर म्हणाले. वीतभर सांधा कापायला लावला, पुन्हा जोडायला लावला, भेगेत झिरपणारा लाल रंग टाकून तपासला. कुठे झिरपला नाही. मग स्वतःच चहा आणून दिला आणि म्हणाले, तो ब्रश परत यार्डात दिसला तर तो आणि तू एकाच गाडीने घरी.

म्हणून ब्रश पाठवतो आहे. नुसता ब्रश हातात पडला असता तर तुम्ही काही न बोलता खिळ्याला अडकवला असता, आणि पोराला आपल्या दुकानाची लाज वाटायला लागली असं धरून बसला असता. तसं नाही, अण्णा. शेवटचा टाका घालताना मी अजून तुम्ही शिकवलात तसा श्वास धरतो.

आता बाहेर या. ट्रेलरवर ताडपत्रीखाली तीच बोट आहे. डाव्या अंगाला, पुढून तिसरा, तोच तो सांधा. तुम्हाला नीट दिसत नसलं तरी नख फिरवून बघा. कुठे अडकलं तर तसंच सांगा, माझं मन राखू नका. नाही अडकलं तर फोनवर नुसतं "बरं, ठेव" म्हणा. मला कळेल.

तुमचाच,
भागवत