तुझं डोकं बरं झाल्यापासून

प्रिय चिमे,

तुझा फोटो पोचला. भर उन्हात, गॉगलसुद्धा न लावता, त्या नव्या मैत्रिणीच्या खांद्यावर हात टाकून हसते आहेस. शेजारीण म्हणाली, किती शोभतात दोघी! मी फोटो पालथा घातला. हेवा वाटला, उगाच दुसरा शब्द कशाला शोधू?

छापखान्यात आपल्या टेबलावर ऊन येऊ नये म्हणून खिडकीला तपकिरी कागद चिकटवणारी तूच ना? तू मूळ प्रत मोठ्यानं वाचायचीस, मी मुद्रित तपासायचे; चुका पकडते म्हणून तू मला फौजदार म्हणायचीस. डोक्यावर ती फडफडणारी ट्यूबलाइट. तिचा स्टार्टर आपण काढून डब्याच्या पिशवीत टाकायचो आणि साहेब बिचारे उंदरांवर संशय घ्यायचे. तुझ्या डोळ्यांपुढे चकाकणारी नागमोडी रेघ आली, की तू वाचताना स्वल्पविराम सांगायची विसरायचीस. मला लगेच कळायचं, आता तासाभरात तुझं अर्धं डोकं फुटणार; माझंही असंच फुटायचं. घसा कोरडा करून सांगूनही घरच्यांना जे पटत नव्हतं, ते आपल्याला एकमेकींना सांगावं लागत नसे.

मग तू त्या मेंदूविकारतज्ज्ञ बाईंकडे गेलीस. दुखणं येऊच नये म्हणून रोजची गोळी, वेळेवर जेवण, वेळेवर झोप. मी चेष्टा केली, डोकं दुखतंय की शाळेत नाव घातलंय? पण तुझे झटके कमी होत गेले. तू दुपारच्या सिनेमाला जाऊ लागलीस, दुसऱ्याच कुणाबरोबर. मला आनंद व्हायला हवा होता. मला वाटलं, आपल्या टेबलावरून तू एकटीच उठून गेलीस.

मी आपली दुखलं की गोळी, दुखेल वाटलं तरी गोळी, असं करत कामाला बसत राहिले. गेल्या आठवड्यात शेवटी त्याच बाईंकडे गेले. म्हणाल्या, अर्धशिशी आहेच, पण आता रोज दुखतंय ते या वेदनाशामक गोळ्या फार घेतल्यामुळे. जन्मभर दुसऱ्यांच्या चुका काढल्या मी, आणि ही नजरेतून सुटली! आता त्या गोळ्या बंद करून तुझ्यासारखं औषध सुरू करायचं. सुरुवातीला दुखणं उलट वाढेल, उलट्या होतील, सोबतीला कुणी आहे का, असं त्यांनी विचारलं.

घरात मी एकटी, हे तुला ठाऊक आहे. तरी मी ठणकावून सांगितलं, आहे. आणि तुझं नाव लिहून दिलं, तुला न विचारता. सोमवारपासून गोळ्या बंद. तू ये. एकटीच ये, मैत्रिणीला आणलंस तर दार उघडणार नाही. आल्याबरोबर उरलेल्या गोळ्या ताब्यात घे आणि मी कितीही ओरडले, दरडावलं, तरी देऊ नकोस. बाकी सगळे मला घाबरून देऊन टाकतील. तू कधी घाबरली नाहीस.

तुझीच,
फौजदार