गुडघाभर कठडा

४ नोव्हेंबर
आलो एकदाचे! घर जुनं आहे, पण भिंती जाड, खिडक्या मोठ्या, आणि स्वयंपाकघरात सकाळी असं छान ऊन येतं की आईने आपली खुर्ची तिथेच टाकली. मला मात्र चैन नाही. अर्धं सामान खोक्यांत सोडून मी खोल्या मोजत फिरतेय. आई म्हणते, तू घटकाभर बसलीस तर घर पडेल का? बसले तरी हाताला काहीतरी लागतं, म्हणून ही वही.

भानगड एकच, बाथरूम. शॉवरच्या कोपऱ्याला गुडघाभर उंच विटांचा कठडा आहे, तो ओलांडून आत जायचं. पडल्यापासून आईचा डावा पाय उचलत नाही. तिची चप्पल घासत जाते, त्यावरून ती कुठे आहे ते मला कळतं. दोन वर्षं मीच तिला अंघोळ घालतेय. तोंडाने ती म्हणते, मी काय खरकटं भांडं आहे का? पण आतून तिला ते फार लागतं. तिला दार लोटून, एकटीने अंघोळ करता यावी, एवढं मला करायचंच आहे.

७ नोव्हेंबर
दुकानात आईने कमाल केली. टाइल जमिनीवर ठेवायला लावली, वर पाणी ओतायला लावलं आणि माझा हात धरून अनवाणी उभी राहिली. दोन टाइल्स नापास, तिसरी खरखरीत राखाडी पास. दुकानदाराला घाम फुटला. बसायला बाक, धरायला दांडा, काचेचा एक आडोसा. कठडा नाही, दार नाही. सरळ चालत आत जायचं आणि चालत बाहेर यायचं.

१० नोव्हेंबर
गवंडीदादांनी कठडा फोडला. मध्येच हात थांबवून म्हणाले, पाणी अडवायला चार बोटं उंची पुरते, हे एवढं कशाला बांधलं असेल? आणि विटा आतल्या बाजूनेच झिजल्यात. मी म्हटलं, जुन्या लोकांची हौस हो, फोडा तुम्ही.

१३ नोव्हेंबर
टाइल्स बसवण्याआधी गळती तपासतात. पाणी जायची जाळी बंद करून, तोंडाशी तात्पुरत्या विटा लावून काल बादल्यांनी पाणी भरलं. गवंडीदादांनी पेन्सिलने खूण केली. गळती असेल तर पाणी खुणेच्या खाली जातं. आज ते दोन बोटं वर होतं. त्यांनी मला विचारलं, पाणी ओतलंत का? मी त्यांना तेच विचारलं. नळ तर अजून बसवलेलाच नाही. दोघंही उगाच हसलो.

१९ नोव्हेंबर
आईची पहिली अंघोळ! वीस मिनिटं मी दाराबाहेर येरझाऱ्या घालत होते. ती बाहेर आली ती गुलाबी होऊन. मला रडूच आलं. म्हणाली, पाठ चोळून दिलीस ते बरं केलंस.

मी आत गेलेच नव्हते. थट्टा करत असेल.

२२ नोव्हेंबर
आईचा पाय सुधारला. चप्पल घासत नाही. आनंद व्हायला हवा, आणि झालाही. पण ती कुठे आहे ते आता कळत नाही. वळून पाहावं तर मागे उभी. उन्हातल्या खुर्चीकडे फिरकत नाही. मी दिवसभर भिरभिरतेय, तरी एका शब्दाने टोकत नाही.

२४ नोव्हेंबर
घर विकणाऱ्या बाईंना फोन केला. त्यांनी एवढंच विचारलं, कठडा आहे ना अजून? फोडला म्हटलं. मग विचारलं, आत कोण गेलं होतं? आई म्हटल्यावर फोन ठेवला. परत उचलत नाहीत.

गवंडीदादांना उद्याच बोलावलंय. होता तेवढाच उंच बांधा म्हटलं.

२५ नोव्हेंबर
बांधून झाला. आई शेजारी उभी राहून बघत होती. तिच्यासाठी केलेली सोय मी मोडली, आणि ती हसत होती. माझी आई भांडली असती. गवंडीदादा हात न धुताच गेले.

२६ नोव्हेंबर, सकाळ
बाथरूममधून आवाज — चप्पल घासल्याचा. आई स्वयंपाकघरात आहे. आत्ताच पाहिलं, पाठमोरी —

काचेआड आई. माझी. ओली, थकलेली. म्हणते, इथवर यायला आठवडा लागला गं, आणि आता मध्ये हे काय बांधलंस? पाय उचलत नाही, हात दे.

मीच बांधून घेतला. मीच —

डाव्या हाताने तिला धरलंय, वही कठड्यावर. लिहायचं थांबवलं तर ओरडेन. ओढतेय. पाय वर येत नाही — अजून वीतभर —

मागे दार लोटलं कुणीतरी. पावलं. घासत नाहीत. अगदी नीट, पाय उचलून