अव्वाच्या नावाचा टँकर

निर्णा, १० एप्रिल २०२५
॥ बसवेश्वर प्रसन्न ॥

चि. सुधारानीस आजीचे अनेक आशीर्वाद वि. वि.

फोनवर बोलायला लागलं की तुझा काका कान लावून बसतो, म्हणून चिठ्ठी लिहायलेय. चौथीचं शिक्षण, चुकलं तर हसू नकोस.

अगं, तुझी आजी टँकरवाली झाली! तुझ्या मंजुनाथकाकानं नवा टँकर घेतला, त्यावर हे मोठ्ठं ‘चन्नव्वा वॉटर सप्लाय’ रंगवलंय. गावाला पाणी द्यायचं टेंडरपण मलाच लागलं म्हणे. टेंडर मंजूर करणारा साहेब कोण, तर माझाच लेक! इतकी माया लहानपणी दाखवली असती तर.

पण टँकर आपल्या गल्लीत दोनदा येतो, गावाबाहेर सरुबाईच्या वस्तीत एकदाबी न्हाई. कामून म्हणून विचारलं, तर मंजुनाथ म्हणाला, कागदावर तिथं रोज जातो.

भाकरी वेळेवर खात जा.

तुझी आजी, चन्नव्वा


कडगंची, १६ एप्रिल

ती. आजीस शरणु शरणार्थी.

मालकीणबाई, ही माया न्हाई. सरकारी नोकराला आपल्याच खात्याचं कंत्राट घेता येत नाही, म्हणून काकानं तुला पुढं केलंय. चौकशी लागली तर त्याची नोकरी जाईल आणि आधी नाव तुझं निघेल. वर हाच माणूस झेंडावंदनाला प्रामाणिकपणावर भाषण ठोकतो! तुझं नाव काढायला लाव.

तुझी काळजी करणारी,
सुधारानी


निर्णा, २५ एप्रिल

चि. सुधारानीस आशीर्वाद.

मंजुनाथला सांगितलं, नाव काढ. तर दात काढून म्हणतो, अव्वा, तूच मालक, आम्ही नुसते नोकर. बरं म्हणलं.

सकाळी टँकरात पुढं चढून बसले आणि ड्रायव्हर कल्लप्पाला म्हणलं, सरुबाईच्या वस्तीत चल. त्यानं घाबरून साहेबाला फोन लावला. साहेब जीप घेऊन धावत आले. तोवर बायांच्या घागरी भरायलेल्या. सरुबाईनं सगळ्यांदेखत विचारलं, साहेब, टँकर तुमचा हाय का? कपाळाचा घाम पुसत तुझा काका म्हणाला, न्हाई, अव्वाचा हाय. इतका पडका आवाज त्याचा मी बारशापासून ऐकला नव्हता! पोट धरून हसले बघ.

आता रोज आधी त्यांची वस्ती, मग आपली गल्ली. चौकशीवाले आले तर चहा पाजून सगळं खरं सांगणार हाय, हेबी त्याला सांगून ठेवलंय. तेव्हापासून जेवण जाईना त्याला. मला मात्र दोन भाकरी जास्त जायल्यात.

सुट्टीत ये, टँकरातून फिरवते. जीवाला जपत राहा.

तुझी आजी