दुखणं : दहापैकी नऊ

२ फेब्रुवारी, सकाळी ७
युनियनच्या वार्षिक सभेला सात आठवडे. निश्चय: रोज पाचला उठून पाऊण तास व्यायाम. आज सातला उठलो, म्हणून उद्यापासून.
पाठ मागच्या सभेत गेली. भाषणाच्या सत्तेचाळिसाव्या मिनिटाला, स्टूल हा उपकार नाही, हक्क आहे, असं म्हणत टेबलावर मूठ आपटली आणि कमरेतून वीज गेली. थोडक्यात, लढाईतली जखम. आमच्या कारखान्यात पॅकिंगच्या बायका आठ-आठ तास उभ्याने खोकी भरतात. त्यांना बसायला स्टूल मिळावेत म्हणून मी अकरा वर्षं बोलतोय. स्टूल अजून आलेले नाहीत, पण भाषण दर वर्षी सुधारतंय.

५ फेब्रुवारी
कायरोप्रॅक्टरकडे गेलो. शब्द उच्चारतानाच जीभ लचकते, म्हणून घरात आम्ही तिला मणकेवाली म्हणतो. वयाने लहान, हात सुताराचे. पाठ दाबली, पाय उचलून पाहिले. म्हणाली, काका, मणके ठणठणीत आहेत, स्नायू आखडलेत. जरा अपमान वाटला.
व्यायाम तीन. झोपून गुडघे छातीशी. रांगत्या मांजरासारखी पाठ वर-खाली. कंबर उचलून पूल. शिवाय रोज चार्टवर दुखण्याचा आकडा, शून्य ते दहा. खरा लिहा म्हणाली, त्यावरच पुढचं ठरतं. आज: चार.

९ फेब्रुवारी
घात! साडूचीही पाठ धरली. बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. आमच्याच कारखान्यात स्टोअरला आहे, मीच चिकटवलेला. बुटाची नाडी बांधताना शिंक आली म्हणे. एमआरआयमध्ये दोन डिस्क सरकलेल्या. शिंकेला दोन! आणि अकरा वर्षं लढणाऱ्याला नुसता स्नायू.
बघायला गेलो. गडी फिल्म उजेडात धरून सगळ्यांना दाखवत होता, लग्नाचा अल्बम दाखवावा तशी. बायको हळहळली. भाऊजी, किती सहन करता हो, म्हणाली. मी कण्हलो तेव्हा म्हणाली होती, नीट बसा.

१२ फेब्रुवारी
साडू आता माझ्याच मणकेवालीकडे. वेळही माझीच. शेजारचं टेबल, मध्ये पडदा. तिने आकडा विचारला. सात, म्हणाला. तेही शांतपणे. हाच त्याचा कावा.
मी नऊ सांगितला, पडद्यापलीकडे ऐकू जाईल असा. मणकेवाली म्हणाली, चारवरून एकदम नऊ? म्हटलं, तेव्हा संकोच केला.
वाटलं, आता खरी ट्रीटमेंट सुरू. तिने पूल बंद केला, मांजर बंद केलं. म्हणाली, नऊ असेल तर पडून राहा आणि खोल श्वास घ्या.

१९ फेब्रुवारी
पडद्यापलीकडे साडूच्या खांद्यांमधून आवाज आले. कट, कट, कट. तीन. वर समाधानाचं हुश्श. माझ्या पाठीतून आजवर एकही आवाज आलेला नाही. रीतसर मागणी केली. उत्तर: नऊवाल्या पाठीला मी तसा धक्का देत नाही, काका.
घरी दाराच्या चौकटीला पाठ रेटून पाहिली. आवाज आला. चौकटीचा.

२४ फेब्रुवारी
पाचला उठणं स्थगित. विश्रांती डॉक्टरनेच सांगितली आहे, माझा इलाज नाही.
बायको म्हणाली, माळ्यावरची ट्रंक उतरवून द्या. चार्ट दाखवला. म्हणाली, नऊवाला माणूस खुर्चीवर चढून वरच्या कप्प्यातली पुस्तकं काढतो का? अशा अविश्वासापुढे पुरावाच हवा. मणकेवालीकडून लिहून आणलं: जड उचलू नये, दहा मिनिटांपेक्षा जास्त उभं राहू नये. सही, शिक्का. सुरेख पत्र. फ्रिजवर लावलं. ट्रंक माळ्यावर, मी आरामखुर्चीत.

५ मार्च
साडूचा आकडा तीनवर. दिवसातून दोनदा व्यायाम करतो म्हणे. मेहुणीने व्हिडिओ पाठवला: हा पूल करतोय आणि त्यांचं मांजर पुलाखालून जातंय. नातेवाइकांच्या ग्रुपवर सव्वीस अंगठे. बायकोने दोनदा पाहिला. माझ्यासमोर.
सगळे बाहेर गेल्यावर मीही पूल केला. वीस वेळा. काहीही दुखलं नाही. चार्टवर लिहिलं: नऊ. प्रश्न तत्त्वाचा आहे.

११ मार्च
भाषण तयार. बावन्न मिनिटं. आरशासमोर उभ्याने दोनदा म्हटलं, मुठीसकट. पाठ निर्दोष. आवाज तर विचारूच नका.

१५ मार्च, दुपारी १
विश्वासघात. युनियनचा सेक्रेटरी जेवणाच्या सुट्टीत आला, डोळ्यांत पाणी. दादा, एवढं सोसत होता आणि बोलला नाहीत? बायकोने काळजीपोटी फ्रिजवरच्या पत्राचा फोटो बहिणीला पाठवला. बहिणीने नवऱ्याला दाखवला. नवऱ्याने कमिटीला. यंदा भाषण साडू करणार. मला पहिल्या रांगेत उशीची खुर्ची.
मी स्पष्ट म्हणालो, ते पत्र फक्त घरापुरतं होतं. सेक्रेटरी गहिवरला. बघा, अजूनही लपवताय!
पाठोपाठ साडू. दादा, मला दोन वाक्यं जुळवता येत नाहीत, तुमचं भाषण वाचू का? बघू म्हणालो. बघणार नाही.

२२ मार्च, संध्याकाळी (सभेहून परत)
उशीच्या खुर्चीत बसलो नाही. निषेध म्हणून सभागृहात मागे, भिंतीला न टेकता, उभा राहिलो.
साडूकडे ना अवतरण, ना मूठ. म्हणाला, पाठ गेल्यावर कळलं की उभं राहणं म्हणजे काय असतं. साहेब, तुम्हीही उभे राहा ना, माझं बोलणं संपेपर्यंत. मंचावर बसलेले कारखान्याचे साहेब हसत उभे राहिले. आणि हा गप्प. घड्याळाकडे बघत नुसता गप्प! सहा मिनिटांनी साहेबांनी पाय बदलला. चौदाव्या मिनिटाला टेबलावर हात टेकले. विसाव्याला म्हणाले, पुरे, किती स्टूल हवेत ते सांग.
टाळ्या थांबेनात. कशाला टाळ्या? भाषणात बोलणंच नव्हतं!
पॅकिंगमधल्या सगळ्यात जुन्या मावशी मुद्दाम मागे माझ्याकडे आल्या. म्हणाल्या, दादा, अकरा वर्षं तुम्ही बोललात आणि आम्ही मागे उभ्याने ऐकलं. याला म्हणतात कृतज्ञता. नोंद करून ठेवतो.
येताना रिक्षात बायको म्हणाली, दीड तास उभे होतात. एकदाही कमरेवर हात गेला नाही. मी विषय बदलला. तिने नाही.

२३ मार्च, सकाळी ९
फ्रिजवरचं पत्र गायब. ट्रंक उतरवायला घेतली. कमरेतून आवाज आला. कट. अखेर! ऐकायला पडद्यापलीकडे कोणी नव्हतं.
फरशीवर पडून लिहितोय. मणकेवालीला फोन लावला. तिने आकडा विचारला. नऊ, म्हणालो. खराखुरा.
म्हणाली, म्हणजे काही बदल नाही. छान.