डेल्फ्टच्या कापडवाल्याला तिसरा प्रश्न

९ जानेवारी १९३७, निपाणी

स्वतःच्या हातानं केलेल्या वस्तू, आजअखेर — लाकडी चक्रांचं घड्याळ एक (दिवसाला चार मिनिटं मागं पडतं, लाकूड फुगतं, माझा दोष नाही). गुंजेचा आठवा भाग दाखवणारा तराजू. दुर्बीण एक, पण भिंग विकतचं, म्हणून अर्धीच माझी. जयाच्या पेटीचं कुलूप — ते आता मलाही उघडत नाही. आणि सूक्ष्मदर्शक सतरा. त्यातले अकरा फेकले, पाच बरे, एक चांगला. चांगला म्हणजे दोनशे दहा पट. मोजून! दोन पितळी पत्र्यांच्या मध्ये मोहरीहून लहान काचेचा मणी, बस्स. पत्रा डोळ्याला लावायचा आणि उजेडाकडं बघायचं.

शाळा मराठी चौथीपर्यंत. हेही लिहून ठेवतो.

आज ही यादी करायचं कारण, बाहुबली मास्तर आले होते. शेजारीच राहतात, रोज उघड्या डोक्यानं येतात. आज वाचनालयाचे चिटणीस म्हणून आले, तेव्हा टोपी घालून. वाचनालयाच्या वाढदिवसाला चौघांनी बोलायचं आहे. प्रत्येकानं होऊन गेलेला एक शास्त्रज्ञ निवडायचा, समोर रिकामी खुर्ची मांडायची, तो तिथं बसलाय असं धरून त्याच्याशी बोलायचं. प्रश्न आपले, उत्तरंही आपणच द्यायची. एक वकील, दोन मास्तर ठरलेत. चौथा मी! घड्याळं दुरुस्त करणारा नागोजी! अध्यक्ष बेळगावचे प्रोफेसर.

'विचार करून सांगतो' म्हणालो. विचार कसला करायचा होता! पण लगेच होय म्हणणं बरं दिसत नाही.

१० जानेवारी

न्यूटन वकिलांनी घेतला. घेऊ दे. सफरचंदाच्या पुढं ते जाणार नाहीत. गॅलिलिओ एका मास्तरांनी, भास्कराचार्य दुसऱ्यांनी. भास्कराचार्यांपुढं मी बसलोच नसतो — त्यांनी उलट एखादं गणित घातलं तर?

जया म्हणते, मेलेल्या माणसाशी बोलायची एवढी हौस, जित्या बायकोशी बोलायला मात्र सवड न्हाय.

११ जानेवारी

दोघांवर आलो. फॅरडे — लोहाराचा मुलगा, पुस्तकं बांधता बांधता शिकला. आणि हॉलंडातल्या डेल्फ्ट गावचा लेव्हनहूक. हा कापड विकणारा! कॉलेज नाही, लॅटिन नाही. स्वतः भिंगं केली आणि पाण्याच्या थेंबात वळवळणारे जीव पाहिले. फॅरडे चांगला, पण जे सापडेल ते सांगत सुटायचा, पोरांनासुद्धा. कापडवाल्यानं आपली खास रीत अखेरपर्यंत कुणाला दिली नाही. हा माझ्या जातीचा.

मास्तरांना कळवलं. ते म्हणाले, हे नाव म्हणायचं कसं? म्हटलं, तो स्वतः खुर्चीत असेल, त्यालाच विचारू.

१३ जानेवारी

आज शहाणपणा केला. लक्ष्मीआक्का — मास्तरांची आई — विहिरीवर पाणी गाळत होत्या. दुपदरी फडकं घागरीवर, मग फडकं उलटं करून पाण्यानं धुवायचं आणि ते धुवण परत त्याच विहिरीत अलगद सोडायचं. अडकलेले जीव आपल्या घरी जावेत म्हणून. चाळीस वर्षांत एक दिवस चुकलेला नाही. म्हणाल्या, माझ्या घागरीत एक जीव दावा अण्णा, मी तुमचं नाव घेईन.

दावला! त्यांच्याच घागरीतला थेंब सुईच्या टोकावर घेतला. त्यांनी पत्रा डोळ्याला लावला. बराच वेळ काढलाच नाही. मग माझ्या हातात दिला आणि घरात गेल्या.

जिंकलो.

१४ जानेवारी, संक्रांत

कसला जिंकलो! मास्तर सकाळी तिळगूळ घेऊन आले आणि म्हणाले, आईनं काल दुपारपासून पाण्याला तोंड लावलं नाही.

दिवसभर फडकी. जुनं धोतर, नवं मांजरपाट, चौपदरी, आठपदरी. प्रत्येकाचे वीस थेंब. जीव कमी होतात, संपत नाहीत. संध्याकाळी आक्कांना कोणत्या तोंडानं सांगू? गेलो तर त्या ओसरीत बसलेल्या. ओठ सुकलेले. वीस-वीस थेंबांचा सगळा हिशेब सांगितला. त्यांनी नीट ऐकला. म्हणाल्या, म्हंजे फडक्याचा दोष न्हाय, माझ्या डोळ्याचा हुता. मुनिमहाराज उकळलेलं घेतात, तसं आता मीबी घ्येईन. सूनबाई, चूल पेटव.

पाणी उकळून निवेपर्यंत मी तिथंच उभा. त्या प्याल्या तेव्हा मलाच तहान लागली.

आणि वर मलाच म्हणाल्या, फडकं आठपदरी करायचं हे बरं सांगितलंत.

१९ जानेवारी

आक्का रोज येतात. कोगनोळीच्या तळ्याचं पाणी मागवलं, आडाचं, नळाचं, नारळातलंसुद्धा! जीवांना नावं ठेवलीत. एकाचं 'सावकार', एका जागी बसून खातो म्हणून. त्यांची नजर माझ्याहून सरळ आहे. हे फक्त इथं लिहितो.

आज म्हणाल्या, मला मणी करायला शिकवा. गल्लीतल्या बायकांना दाखवायचं आहे, एका पत्र्यानं भागत नाही. मी म्हटलं, पाहिजे तेवढे करून देतो. त्या म्हणाल्या, 'देऊ नका. शिकवा.'

नाही म्हणालो.

मणी करताना मी दार लावून घेतो. जयालासुद्धा आत घेत नाही. वाऱ्यानं ज्योत हलते म्हणून — असं तिला सांगितलंय, आणि ते खरंही आहे. पण या गावात फक्त मला येणारी अशी एवढी एकच गोष्ट आहे. ती दिली की मी कोण उरलो? घड्याळवाला.

२३ जानेवारी

प्रश्न तीन ठरवले. पहिला — पहिला जीव दिसला तेव्हा कुणाला हाक मारलीत? दुसरा — विद्वानांनी विश्वास ठेवला नाही तेव्हा काय केलंत? तिसरा — रीत कुणाला का दिली नाही? तिसऱ्याचं उत्तर छान बसवलंय. 'रत्न बाजारात मांडायचं नसतं.' जयापुढं म्हणून दाखवलं. ती म्हणाली, बाजारात नको, निदान घरात तरी?

२४ जानेवारी, रविवार

कुठून सुरू करू! रात्रीचे अकरा वाजले तरी लिहितोय. आनंदानं.

सभा चारला. निम्मं सभागृह जैन, दिवस बुडायच्या आत जेवणारं, म्हणून प्रत्येकाला पंधरा मिनिटं आणि साडेपाचला शेवट, असं मास्तरांनी तीनदा बजावलेलं. वकिलांनीच पस्तीस घेतली. मी उभा राहिलो तेव्हा साडेपाच होऊन गेले होते.

पहिले दोन प्रश्न झकास. लोक हसले, प्रोफेसरांनी मान डोलावली. तिसरा विचारला. म्हटलं, महाराज, तुम्ही गेलात आणि रीतही घेऊन गेलात. मागच्यांनी ती पुन्हा पहिल्यापासून का शोधावी? उत्तर द्यायला खुर्चीकडं वळलो, तेवढ्यात बायकांच्या बाजूनं आवाज.

'त्यांचं ऱ्हाऊ द्या अण्णा. तुमी दार का लावून घेताय, त्ये सांगा.'

लक्ष्मीआक्का! सगळं सभागृह माझ्याकडं.

म्हणालो, 'वाऱ्यामुळं.'

असे हसले — असे हसले! जया सगळ्यात जोरात. प्रोफेसरांनी चष्मा काढून पुसला. रत्नाचं वाक्य जिभेवर होतं, पण त्या रिकाम्या खुर्चीकडं बघून ते म्हणवेना. कापडवाला तिथं खरंच असता तर मी त्याला हेच विचारलं असतं की, अहो, एकटं बघून बघून कंटाळा नाही आला?

मग फळा मागितला. काच कोणती — औषधाच्या फुटक्या बाटलीची, पांढरी. सोनाराची फुंकणी. काच तापवून ओढायची, केसासारखा धागा काढायचा. धाग्याचं टोक ज्योतीच्या निळ्या भागात, पिवळ्यात नाही! बोटांत सारखं फिरवत राहायचं. मणी आपोआप गोल होतो. मग हळूहळू बाहेर, घाई केली की तडकतो. अकरा मी घाईनं फोडले, तेही सांगितलं. कुणी विचारलं, बुडबुडा धरला तर? मग बुडबुड्याचं. कुणी विचारलं, मण्यासाठी पत्र्याला भोक केवढं? मग भोकाचं.

खिडकीत अंधार दिसला तेव्हा मास्तर ओरडले. सूर्य सहा चोवीसला बुडाला होता, घड्याळात सहा चाळीस! निम्मी सभा उपाशी. बेत ठरलेले, घरी भात तयार — सगळं उद्यावर. मी हात जोडले. आक्का जाता जाता म्हणाल्या, उपास घडवलात, पुण्य तुमच्या नावावर मांडते.

एकानंही शिवी दिली नाही. मास्तर सोडून.

२६ जानेवारी

दार उघडं. वाऱ्यासाठी पत्र्याचा आडोसा केला — दहा वर्षांत का सुचला नाही? आक्कांचा पहिला मणी चिंचोक्यासारखा. दुसरा फुटला. तिसरा गोल! डोळ्याला लावून म्हणाल्या, सावकार दिसला.

जया दारात उभी होती. म्हणाली, सरका जरा, मलाबी करू द्या.

२८ जानेवारी

कोल्हापूरच्या एका चष्मेवाल्याचं पत्र सोळा तारखेलाच आलं होतं. मणी करायची रीत फक्त त्याला द्यायची, पुन्हा कुणालाही दाखवणार नाही असा कागद करून द्यायचा. इथं लिहिलं नाही — लिहिलं असतं तर होय म्हणून बसलो असतो. फळ्यापुढं उभा होतो तेव्हा ते कोटाच्या आतल्या खिशात होतं. आज उत्तर टाकलं. नको.

देणार होता चारशे एक रुपये.